पंधरा वर्षांनी आरटीओ गाडी बघणार, त्याआधी कोण बघणार? (दुचाकींची वार्षिक तपासणी, नेहमीचे दोष आणि भरवसा)

सातपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. या पंधरा वर्षांत पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतो, तेवढीच काय ती गाडीची अधिकृत तपासणी. ब्रेक लागतात का, टायर गुळगुळीत झालाय का, हँडलमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे का, हे कुणीही बघत नाही. ते बघितलं जातं थेट पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर, नूतनीकरणाच्या वेळी, आणि मग दर पाच वर्षांनी. टेम्पो-टॅक्सीचं तसं नाही. त्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करून घ्यावंच लागतं.

मी नाशिकला, अंबडमध्ये एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. संध्याकाळी शिफ्ट सुटली की गेटच्या आधीच्या गतिरोधकावर सगळे ब्रेक मारतात आणि मागे उभ्या माणसाला एकेका गाडीचा ब्रेक लाइट दिसतो. कित्येक गाड्यांचा लागतच नाही. काहींचा सतत लागलेला असतो, म्हणजे मागच्याला कळायला मार्गच नाही. याच गाड्या नंतर द्वारका चौकातून ट्रकच्या पुढे-मागे घरी जातात, पावसाळ्यात त्र्यंबक रोडला धुक्यात जातात.

आपल्याकडे गाडी भरवशाची आहे की नाही हे इंजिनावरून ठरवतात. एका किकमध्ये चालू होते, ॲव्हरेज चांगलं देते, ऑइल खात नाही, म्हणजे गाडी ठणठणीत. माझं ठाम मत असं की ही कसोटी अपुरी आहे. तपासणीत गाडी अडते ती बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेरच्या, शे-पाचशे रुपयांच्या वस्तूंवर, आणि रस्त्यावर जीव जातो तोही त्याच वस्तूंपायी. कायदा दरवर्षी बघत नसेल तर आपण बघायला हवं. काय बघायचं, कसं बघायचं, नाशिकच्या हवेत-रस्त्यांवर काय लवकर जातं, हे इथे जमा करू या. गॅरेजवाल्यांनी आणि नुकतंच नूतनीकरण करून आलेल्यांनी जरूर लिहावं.

---

नाशिकरोड_ते_लेस्टर

चांगला धागा. गेली काही वर्षं मी इंग्लंडमध्ये आहे आणि इथे मोटरसायकल चालवतो, म्हणून इकडची पद्धत लिहितो.

इथे या तपासणीला एमओटी म्हणतात. १९६० साली ती सुरू झाली तेव्हा दहा वर्षांवरच्या वाहनांनाच लागू होती. आता वाहन तीन वर्षांचं झालं की दरवर्षी, उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांनंतर. मोटरसायकलसाठी जास्तीत जास्त २९ पौंड ६५ पेन्स घेता येतात. इंग्लंडमध्ये ही तपासणी सरकारी कार्यालयात होत नाही, परवाना दिलेल्या गॅरेजमध्ये होते आणि निकाल तिथल्या तिथे सरकारी संगणकात चढतो.

सातपूरकरांनी इंजिनाबद्दल लिहिलंय ते इथे अगदी स्पष्ट दिसतं. एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था तपासतच नाहीत. मोटरसायकलीचा धूरही मोजत नाहीत, फक्त सायलेन्सरचा आवाज आणि गळती बघतात. बघतात ते दिवे, इंडिकेटर, हॉर्न, नंबर प्लेट, ब्रेक, टायर, चाकं, फोर्क, मागचे शॉकअप, हँडल, चेन आणि पुढचं-मागचं चाक एका रेषेत आहे का ते. ब्रेक नुसता 'लागतो' असं चालत नाही, रोलरवर मोजतात. एका ब्रेकची कार्यक्षमता किमान ३० टक्के आणि दुसऱ्याची २५ टक्के यावी लागते.

नापास होण्याच्या कारणांत दिवे आणि सिग्नल सगळ्यांत वर असतात, त्यानंतर ब्रेक, टायर, सस्पेन्शन, स्टिअरिंग वगैरे. २० मे २०१८ पासून दोषांचे धोकादायक, मोठा आणि किरकोळ असे तीन वर्ग केलेत. पहिल्या दोनांत काही सापडलं की गाडी नापास. किरकोळ असेल तर पास, पण कागदावर नोंद राहते. शिवाय 'अजून चालेल, पण लक्ष ठेवा' अशी सूचनाही लिहून देतात.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे कोणत्याही गाडीचा नंबर टाकला की तिचा एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. कुठल्या वर्षी कशावर नापास झाली, तेव्हा किलोमीटर किती होते, सगळं. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. दोन वर्षं लागोपाठ 'मागचा टायर झिजत आलाय' अशी सूचना दिसली की मालक कसा आहे ते कळतं.

---

मुक्ता_गंगापूररोड

नंबर टाकून इतिहास बघायची सोय इथे हवीच हवी. मागच्या वर्षी भावासाठी वापरलेली गाडी शोधत होतो तेव्हा प्रत्येक जण 'सिंगल हँड, डॉक्टरची गाडी' एवढंच सांगायचा.

माझ्याकडे ११० सीसीची स्कूटर आहे. हिच्यात घरी काय काय तपासता येतं? इथे सगळं मोटरसायकलींचंच चाललंय.

---

जुना_फिटर_भद्रकाली

मुक्ताताई, स्कूटरचं शेवटी सांगतो. आधी जे माझ्याकडे रोज येतं ते लिहितो. गॅरेजमध्ये आयुष्य गेलं, आता मुलगा बघतो, मी बसून असतो.

ब्रेक लाइट. याचे दोन स्विच असतात, एक पुढच्या लिव्हरपाशी आणि एक मागच्या पायडलपाशी. बिघडतो तो बहुतेक वेळा पायडलचा. स्प्रिंगने ओढला जाणारा छोटा स्विच असतो, चाकाचा सगळा चिखल त्याच्यावर उडतो. दुसरी गोष्ट अशी की मागचे लायनर (ड्रमच्या आत घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) झिजले की आपण नट आवळून ब्रेक घट्ट करतो, पण स्विचची सेटिंग कुणी करत नाही. पायडलची चाल बदलते, मग दिवा उशिरा लागतो किंवा लागलेलाच राहतो. सातपूरकरांना गेटवर जे सतत पेटलेले दिवे दिसतात त्यातले बरेच असे असणार. स्विचचा प्लास्टिकचा नट फिरवला की काम होतं, पार्ट टाकायचीही गरज नसते. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा, इग्निशन चालू करा, आधी नुसता हातब्रेक दाबा, मग नुसता पायब्रेक. भिंतीवर लाल उजेड दोन्ही वेळा वाढला पाहिजे.

ड्रम ब्रेक. मागच्या चाकाच्या ब्रेक प्लेटवर, जिथे रॉड येऊन लिव्हरला मिळतो, तिथे एक बाण असतो आणि त्याच्यासमोर खूण. पायडल पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला की लायनर संपले. मग कितीही नट आवळा, उपयोग नाही. काही ठिकाणी अशा वेळी लिव्हर काढून एक दाता मागे बसवून देतात. गिऱ्हाइकाला वाटतं ब्रेक नवा झाला. हे कधीही करू देऊ नका. आतला कॅम जास्त फिरतो, एखाद्या वेळी तो आडवाच होतो आणि चाक जागेवर जाम होतं. लायनर काय किमतीला येतात हो? ते बदला आणि ड्रम आतून साफ करून घ्या.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग. हा दोष चालवणाऱ्याला कळत नाही, कारण तो हळूहळू वाढतो. गाडी डबल स्टँडवर लावा, एकाला मागे दाबून बसवा म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. आता दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. जोर लावायचा नाही. चांगल्या गाडीत हँडल कुठेही न अडकता जातं. कोनसेट गेलेला असेल तर बरोबर मध्यावर, म्हणजे सरळ चालवताना जिथे असतं तिथेच, ते टक् करून बसतं. गोळ्यांनी वाटीला खड्डे पाडलेले असतात. खड्ड्यातून रोज आपटत गेल्याचा हा हिशेब. मग पुढे बसून दोन्ही फोर्कचे खालचे दांडे धरा आणि पुढे-मागे हलवा. खडखड जाणवली तर ढिला आहे. खड्डे पडलेले असताना नुसतं आवळून दिलं तर हँडल जड होतं आणि गाडी सरळ रेषेत धरवत नाही. अशा वेळी पूर्ण संच बदलायचा.

फोर्क सील. दांड्यावर तेलाचं कडं दिसलं, त्याला धूळ चिकटलेली असली की सील गेलं. पाऊस संपल्यावर जास्त येतात. दांड्यावरचा चिखल वाळतो आणि गाडी दबली की तो सीलला कापतो. डिस्कच्या गाडीत हे तेल खाली उतरून पॅडपर्यंत जातं, म्हणून टाळू नका.

स्कूटरचं असं आहे ताई, तुमच्या गाडीत बहुतेक सीबीएस असेल, डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. मागची केबल आवळताना ती जुळणी बिघडते आणि पुढचं लागायचंच बंद होतं. मेन स्टँडवर लावून, पुढचं चाक उचलून, डावा ब्रेक दाबून बघा. पुढचं चाक हाताने फिरता कामा नये. आणि स्कूटरचं मागचं टायर बघायला वाकावं लागतं, म्हणून कुणी बघत नाही. तुम्ही वाका.

---

मुक्ता_गंगापूररोड

काका, लगेच करून बघितलं. पुढचं चाक डाव्या ब्रेकवर अगदी आरामात फिरतंय! उद्याच नेते. खूप खूप आभार.

---

निफाडकर_द्राक्षे

आमच्याकडचा एक दोष कुणी लिहिलेला नाही म्हणून लिहितो.

बागायतदारांच्या गाड्या शहरातल्या गाड्यांपेक्षा वेगळ्या मरतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. मोरचूद, गंधक, वेगवेगळी बुरशीनाशकं, सगळं गाडीवरूनच जातं. पिशवी सांडते, फवारणी चालू असताना गाडी बांधावर उभी असते, हात तसेच हँडलला लागतात. मोरचूद लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला खातो. पिंपळगाव, दिंडोरीच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या रिमच्या आऱ्या, स्पोकची निपलं, सायलेन्सरचं बूड, बॅटरीचं टर्मिनल, हेडलाइटच्या मागचे वायरचे कनेक्टर हे सगळं हिरवट-पांढरं पडलेलं दिसेल. मग इंडिकेटर एकदा लागतो एकदा नाही, हॉर्न घोगरा होतो, आणि मेकॅनिक बॅटरी बदलून मोकळा होतो. दोष बॅटरीत नसतोच, अर्थिंगला गंज असतो.

आमच्या घरात आता नियम केलाय. फवारणीचा हंगाम असेपर्यंत गाडी संध्याकाळी साध्या पाण्याने धुवायची, नळीने, प्रेशर नाही. चार कनेक्टर उघडून पॉलिश पेपरने साफ करायचे आणि थोडं ग्रीस लावायचं. स्पोकवर पेन्सिलने टकटक करत जायचं. ढिल्या स्पोकचा आवाज बद्द येतो, बाकीच्यांचा खणखणीत.

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पार खाली उतरतो, तेव्हा बॅटरीची खरी परीक्षा. नवीन इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांना किकच नाही. बॅटरी बसली की गाडी बसली. दूध घालायला पहाटे निघणाऱ्यांनी दिवाळीच्या आसपास बॅटरी तपासून घ्यावी.

---

आरएक्सवाला

@निफाडकर, स्पोकची पेन्सिलवाली युक्ती एकदम बरोबर. तारेच्या चाकाची गाडी असलेल्या प्रत्येकाने हे करावं.

भरवशाबद्दल माझा अनुभव. माझी यामाहा आरएक्स १०० ही १९९५ची आहे. म्हणजे २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ अशी चारदा तपासणीला गेली. चारही वेळा पास. टू-स्ट्रोक इंजिनात हलणारे भाग कमी, फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, पिस्टन-रिंग करून घेतली की पुन्हा उभी राहते. पण पास होण्यामागे इंजिनाचा वाटा थोडाच. दर वेळी जायच्या आधी दिवे, लायनर, कोनसेट, मागचा टायर, साडीगार्ड आणि मागे बसणाऱ्याची पकडायची दांडी, एवढं नीट करून नेलं. ज्यांनी साडीगार्ड 'दिसायला बरं नाही' म्हणून काढून फेकलंय त्यांनी ते आत्ताच शोधून ठेवावं. नियमात मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण लागतं.

आणि एक मनापासून सांगतो. या गाडीचं इंजिन आजच्या कित्येक गाड्यांना ऐकत नाही, पण ब्रेक १९८५च्या आराखड्याचे आहेत, दोन्हीकडे ड्रम. भरवशाची गाडी म्हणताना हेही मोजायला हवं. मी तिला आता पावसात काढत नाही.

---

रविवार_कारंजा

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. सगळे म्हणताहेत दरवर्षी तपासणी व्हावी. नाशिकमध्ये दुचाकी किती आहेत हे रस्त्यावर दिसतंच. त्या सगळ्या दरवर्षी पेठ रोडच्या आरटीओला रांगेत लावल्या तर रोजंदारीवर जाणाऱ्याचा एक दिवस बुडणार, आणि जिथे रांग तिथे 'आम्ही करून देतो' म्हणणारे येणारच. पीयूसीचं काय झालंय ते बघा. गाडी न नेता फोटोवर पीयूसी मिळाल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. कागद वाढेल, गाडी तशीच राहील. इंग्लंडची पद्धत चांगली असेल, पण तिथे गॅरेजवाल्याला परवाना जाण्याची भीती आहे. आधी ती भीती इथे आणा, मग तपासणी आणा.

---

सातपूरकर (धागाकर्ता)

@रविवार_कारंजा, तुमचा मुद्दा मला पटतो आणि म्हणूनच मी 'कायदा करा' असं लिहिलं नाही. कारखान्यातही हाच अनुभव आहे. तपासणीचा शिक्का मारणारा माणूस आणि वस्तू हातात घेऊन बघणारा माणूस एकच नसेल तर शिक्क्याला किंमत नसते.

मला सुचतंय ते असं. आपण खंडेनवमीला गाडी घासून पुसून, हार घालून पूजा करतोच. नाशिकमध्ये त्या दिवशी गॅरेजं, कारखाने, रिक्षा स्टँड, सगळीकडे यंत्रांची पूजा असते. गाडी धुवायला एरवीही तासभर जातो. त्याच तासात जुन्या फिटरकाकांनी सांगितलेल्या गोष्टी बघून घेतल्या तर वार्षिक तपासणी झाली. पाऊसही तोवर संपत आलेला असतो, म्हणजे पावसाने केलेलं नुकसान तेव्हाच सापडतं. आमच्या खात्यात यंदा हे करायचं ठरवलंय. पूजेच्या आदल्या दिवशी पार्किंगमध्ये दोघा-दोघांनी एकमेकांची गाडी तपासायची. स्वतःच्या गाडीचे दोष डोळ्यांना सरावलेले असतात, दुसऱ्याचे लगेच दिसतात.

टायरबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, ते मी लिहितो, कारण मोजमाप हा माझा प्रांत. आपल्या नियमात दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते, ब्रिटनमध्ये बहुतेक मोटरसायकलींना १ मिलिमीटर. पट्टी नसेल तरी चालतं. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्याच्या सरळ रेषेत खाचेमध्ये बघा, तळाशी एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपल्याकडे सरळ रस्त्यावर, मागे ओझं घेऊन चालवतात, त्यामुळे मधला पट्टा आधी जातो आणि कडेची नक्षी नव्यासारखी राहते. कडेला बघून 'अजून आहे' असं म्हणू नका.

वयही बघा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आहे पण रबर कडक होऊन बारीक चिरा पडल्यात, असा टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही. घरात कमी चालणारी, आजोबांची वगैरे गाडी असेल तर तिचे टायर जरूर वाचा.

---

पेठरोड_फेरी

नुकतंच वडिलांच्या १०० सीसी गाडीचं नूतनीकरण करून आणलं, ताजी माहिती देतो.

अर्ज फॉर्म २५ चा, परिवहन पोर्टलवरून. नोंदणी संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. मुदत उलटली तर मोटरसायकलला महिन्याला ३०० रुपये विलंब शुल्क लागतं, म्हणून आरसीवरची तारीख आजच उघडून बघा, अनेकांना ती माहीतच नसते. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० रुपये झालं आणि वीस वर्षांवरच्या मोटरसायकलींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते २००० केलं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी चालू लागते. जुन्या गाड्यांना एचएसआरपी नंबर प्लेट बसवलेली हवी.

विम्याचं विशेष लक्ष ठेवा. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकींना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा मिळतो. पाच वर्षं काही करावं लागत नाही, त्यामुळे सहाव्या वर्षी लोक विसरतात आणि गाडी विम्याशिवाय फिरत राहते.

प्रत्यक्ष तपासणीत साहेबांनी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बघितला, मग दिवे, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, ब्रेक, टायर. आमच्या पुढच्या गाडीचा चेसिस नंबर गंज आणि ग्रीसमुळे वाचताच येईना, त्यांना परत जावं लागलं. घरूनच रॉकेल आणि मऊ ब्रशने तो भाग साफ करून न्या. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात मारू नका, आकडे पुसट झाले तर वेगळाच प्रश्न उभा राहील. आरसे काढून ठेवलेले दोघं जण बाहेर आरसे विकत घेत होते.

पाच वर्षांसाठी नोंदणी वाढून मिळाली. एजंट लागला नाही.

---

कॉलेजरोड_बाइकर

मग मुळात भरवशाची गाडी कोणती घ्यावी? कुणीतरी नाव घेऊन सांगा की.

---

जुना_फिटर_भद्रकाली

नाव घेऊन भांडणं होतात, पण मी कारण सांगतो, त्यावरून तुम्हीच ठरवा.

शंभर सीसीच्या गाड्या टिकतात, कारण इंजिनावर ताण कमी. स्प्लेंडर १९९४ पासून त्याच ९७.२ सीसीच्या घराण्यात चालली आहे. इतकी वर्षं मूळ आराखडा फारसा बदलला नाही म्हणजे त्यातल्या खोडी सगळ्यांना ठाऊक झाल्या, पार्ट पेठेत कुठल्याही दुकानात मिळतो, आणि गावातल्या पोरालाही ती उघडता येते. भरवसा हा निम्मा गाडीत आणि निम्मा पार्ट मिळण्यात असतो. परदेशातून येणारी उत्तम गाडी एका सेन्सरसाठी महिनाभर उभी राहिली तर तुमच्या दृष्टीने ती भरवशाची नाही.

त्यापेक्षा मोठ्या गाड्यांत तीन ठिकाणी पैसे जातात: चेन-स्प्रॉकेट, डिस्क ब्रेक आणि वायरिंग. वायरिंग बहुतेक वेळा बाहेरून लावलेल्या वस्तूंनी मरतं. जादा एलईडी दिवे, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर, सगळं मूळ हार्नेस कापून जोडलेलं. रिले आणि फ्यूज लावून, वेगळी लाइन ओढून करा, नाहीतर करू नका. डिस्कचं ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, घाटात ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकते. वणीच्या गडावरून उतरताना हे होऊ नये असं वाटत असेल तर बरणीतला रंग बघा. नवं ऑइल जवळपास पारदर्शक असतं, काळपट झालं की गेलं. आणि झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला.

उतरताना इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजूनही भेटतात. हात जोडून सांगतो, करू नका. गिअरमध्ये राहा, इंजिनाला थोडा भार घेऊ द्या.

---

नाशिकरोड_ते_लेस्टर

+१. इथे एमओटीत ब्रेकच्या रबरी नळ्याही वाकवून बघतात, चिरा आहेत का म्हणून. बाहेरून चांगली दिसणारी नळी वाकवली की तडा दिसतो. हेही यादीत घ्या.

---

मुक्ता_गंगापूररोड

काकांना कळवायचं राहिलं. जोडणीची केबलच अडकलेली होती, नवीन टाकली. डावा ब्रेक दाबला की आता पुढचं चाकही धरतं. शेजारच्या दोघींच्या स्कूटरही तशाच तपासल्या, एकीची तीच तऱ्हा निघाली.

---

अंबडलिंकरोड

माझा प्रश्न. १५० सीसीची गाडी आहे, चेन किट नवीन टाकलंय तरी गाडी किंचित उजवीकडे ओढते आणि चेनचा आवाज येतो. टायर चांगले, हवा बरोबर. गॅरेजवाले म्हणतात 'चेन बसेल हळूहळू'.

---

जुना_फिटर_भद्रकाली

चेन हळूहळू बसत नाही. मागचं चाक तिरकं बसवलं असणार. मागच्या ॲक्सलपाशी दोन्ही बाजूंना रेघा असतात, दोन्हीकडे एकाच रेघेवर पाहिजे. पण रेघांवर पूर्ण विसंबू नका. एक लांब दोरी घ्या, मागच्या टायरच्या मागून दोन्ही बाजूंनी जमिनीपासून वीतभर उंचीवर पुढे आणा आणि ताणून धरा. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना दोरी टेकली पाहिजे. पुढचा टायर बारीक असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना सारखी फट राहिली तर चाकं एका रेषेत आहेत. नाहीतर ॲक्सल ढिला करून ज्या बाजूला हवं तिकडचा ॲडजस्टर थोडा थोडा फिरवा.

मग चेनचा ढिलेपणा. खालच्या बाजूला मध्यावर बोटाने वर-खाली करा, साधारण एक इंच हालचाल हवी. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो, तोच धरा. चाक फिरवत चार ठिकाणी बघा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली येत असेल तर किटच खराब आहे, बिल घेऊन जा आणि बदलून मागा.

एवढं करूनही ओढली तर स्विंगआर्मचे बुश बघावे लागतील. मागचं चाक धरून आडवं हलवा, चाकाबरोबर अख्खा दांडा हलतोय का ते सांगा.

---

अंबडलिंकरोड

दोरी लावून बघितली काका. पुढच्या टायरच्या डाव्या बाजूला जवळपास बोटभर फट, उजवीकडे दोरी टेकतेय. रेघा मात्र दोन्हीकडे सारख्याच आहेत. दांडा हलत नाही.

---

जुना_फिटर_भद्रकाली

मग बुश नाहीत, रेघाच खोट्या आहेत. हँडल अगदी सरळ होतं ना? असेल तर दोरीवरच जुळवा, रेघा विसरा. एका बाजूचा ॲडजस्टर पाव फेरा फिरवा, दोरी परत बघा, फट दोन्हीकडे सारखी होईपर्यंत. आणि शेवटी ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळून घ्या, त्यानंतर मागचा ब्रेक आणि ब्रेक लाइट पुन्हा सेट करा. चाक मागे-पुढे केलं की तेही हलतात.